न होणारी क्रिया कशी कळवावी : दस्तऐवज साठवणाऱ्या एका प्रणालीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण महाराष्ट्रातील सहकारी पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या एका लहान कंपनीतील आहे. कंपनी आणि तिच्या ग्राहक संस्था ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. तांत्रिक घटनाक्रमाला मात्र हात लावलेला नाही, कारण शिकण्यासारखे जे आहे ते त्या क्रमातच आहे.

पतसंस्थेतील प्रत्येक कर्जप्रकरणामागे कागदांचा एक गठ्ठा असतो : कर्जमागणी अर्ज, वचनचिठ्ठी, जामीनदारांची संमतिपत्रे, उत्पन्नाचे दाखले आणि तारण असेल तर गहाणखत. हे कागद शाखेत स्कॅन होत आणि प्रणालीच्या एका स्वतंत्र भागात जतन होत. हा भाग जावा भाषेत लिहिलेला होता. त्याच्या मुळाशी ‘दस्तऐवजसाठा’ नावाचा एक इंटरफेस (कोणत्या क्रिया पुरवायच्या याचा करार) होता आणि त्यात पाच मेथड (क्रिया) होत्या : दस्तऐवज ठेवणे, आणणे, त्याच्या पानांची यादी देणे, बदलणे आणि काढून टाकणे. कोणता दस्तऐवज कोणत्या कर्जखात्याचा आहे आणि कोणत्या साठ्यात आहे, ही माहिती डेटाबेसमधील एका टेबलात राहत असे. पथकात सगळे त्या टेबलाला नोंदवहीच म्हणत.

बरीच वर्षे हा इंटरफेस प्रत्यक्षात पुरवणारा एकच क्लास (कोडचा भाग) होता. तो शाखेच्या सर्व्हरवरील डिस्कवर फायली ठेवत असे. रोज रात्री एक जॉब (आपोआप सुरू होणारे काम) चाले. नामंजूर झालेले अर्ज, दुबार झालेले स्कॅन आणि जतनाची मुदत संपलेले कागद तो आधी साठ्यातून काढून टाकी आणि मग नोंदवहीतील त्यांची ओळ खोडी.

पुढे बऱ्याच शाखा असलेल्या एका संस्थेने मागणी केली की मंजूर कर्जांचे कागद मुख्यालयातील ‘एकदाच लिहिता येणाऱ्या’ साठवणुकीत जावेत. तेथे एकदा ठेवलेला दस्तऐवज ठरलेली मुदत संपेपर्यंत कोणालाही, अगदी व्यवस्थापकाचे अधिकार असलेल्या माणसालाही, बदलता किंवा काढता येऊ नये. मागणी रास्त होती. त्यासाठी ‘दस्तऐवजसाठा’ हाच इंटरफेस पुरवणारा दुसरा क्लास लिहायला घेतला गेला, आणि त्यातील दोन मेथडपाशी काम अडले. बदलणे आणि काढून टाकणे या क्रिया नवी साठवणूक करूच देत नव्हती. इंटरफेसमध्ये मात्र त्या होत्या, म्हणजे त्यांच्या जागी काहीतरी लिहिणे भागच होते.

पहिली अडचण : गप्प राहणारी मेथड

‘बदलणे’ या मेथडमध्ये प्रोग्रामरने ‘अनसपोर्टेडऑपरेशनएक्सेप्शन’ फेकले, म्हणजे ‘ही क्रिया जमत नाही’ असे सांगून काम तेथेच थांबवणारा इशारा दिला. मंजूर कर्जाचा कागद बदलण्याची सोय पडद्यावर कोठेच नसल्यामुळे ही मेथड कधी बोलावली जाणार नाही, असे गृहीत होते. ‘काढून टाकणे’ मात्र रात्रीचा जॉब बोलावणारच होता. जॉब सर्व शाखांवरून एकाच लूपमध्ये फिरे. मध्येच एक्सेप्शन आले असते तर उरलेल्या शाखांचे काम अडले असते. म्हणून त्या मेथडच्या पोटात लॉगची (कार्यक्रमाच्या नोंदींची) एक ओळ लिहून तिला तसेच परतू दिले. रिव्ह्यूमध्येही कोणी हरकत घेतली नाही. जॉब अडू नये ही काळजी खरीच होती, आणि या मेथडकडून साठवणुकीत काहीही बिघडत नव्हते.

बिघडत होते ते तिच्या पुढच्या ओळीत. मेथड निमूटपणे परतली की जॉब समजे की कागद गेला, आणि नोंदवहीतील ओळ खोडून मोकळा होई. कागद मुख्यालयात सुरक्षित राही, पण तो कोणाचा आणि कोठे आहे हे सांगणारी नोंद जाई.

हे उघडकीस आले ते एका शाखेच्या वसुली विभागामुळे. थकीत कर्जासाठी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०१ खालील वसुली दाखल्याचा अर्ज तयार होत होता आणि जामीनदाराचे संमतिपत्र हवे होते. प्रणालीने उत्तर दिले की असा दस्तऐवज नाही. त्या कर्जाचे पूर्वी नूतनीकरण झाले होते. त्याच जामीनदाराचे त्याच प्रकारचे नवे पत्र स्कॅन झाल्यावर जुने पत्र ‘दुबार’ ठरले होते, आणि जॉबने ते काढायला सांगितले होते. नूतनीकरणाला दुबार समजण्याचा नियमच चुकीचा होता. तो वेगळा दोष आणि त्याची दुरुस्तीही वेगळी झाली. जुन्या डिस्क-साठ्यात असते तर ते पत्र कायमचे गेले असते. नव्या साठवणुकीने ते वाचवले, पण तसे तिने सांगितले नाही.

न झालेली क्रिया झाल्यासारखी दाखवणे हा या विषयातील सर्वांत महाग पर्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. एक्सेप्शनमुळे कार्यक्रम थांबतो, ओरडा होतो, कोणीतरी सकाळी लवकर कामाला येते. निमूट परतणाऱ्या मेथडमुळे पुढचा कोड खोट्या माहितीवर निर्णय घेत राहतो, आणि तो निर्णय कोठे जाऊन उमटेल हे मेथड लिहिणाऱ्याला कळण्याचा काही मार्ग नसतो.

पहिला निर्णय : एक्सेप्शन फेकायचे आणि जॉबने ते झेलायचे

दुरुस्ती सरळ वाटली. ‘काढून टाकणे’ या मेथडनेही ‘अनसपोर्टेडऑपरेशनएक्सेप्शन’ फेकावे. जॉबमध्ये प्रत्येक दस्तऐवजाचे काम एका ट्राय-ब्लॉकमध्ये (एक्सेप्शन झेलता येईल अशा चौकटीत) घ्यावे, हे एक्सेप्शन झेलावे, नोंदवहीतील ओळ न खोडता तिच्यावर ‘राखीव’ अशी खूण करावी आणि पुढच्या दस्तऐवजाकडे जावे. ‘राखीव’ ओळींना दुसऱ्या रात्री पुन्हा हात लावायचा नाही, असेही ठरले, कारण दररोज तोच नकार ऐकण्यात अर्थ नव्हता.

यात जावाच्या परंपरेला सोडून काही नव्हते. हे एक्सेप्शन डिसेंबर १९९८ मध्ये आलेल्या जावा १.२ मधील कलेक्शन्स फ्रेमवर्कबरोबर (याद्या, संच अशा घटकसमूहांच्या तयार क्लासबरोबर) आले. त्या फ्रेमवर्कचे मुख्य रचनाकार जोशुआ ब्लॉक. ‘लिस्ट’ हा इंटरफेस एकच, पण ‘अरेज.अ‍ॅजलिस्ट’ने दिलेल्या लिस्टमध्ये घटक बदलता येतो, घालता किंवा काढता येत नाही, ‘कलेक्शन्स.अनमॉडिफायेबललिस्ट’मधून यातले काहीच करता येत नाही. न जमणारी मेथड हे एक्सेप्शन फेकते, आणि इंटरफेसच्या दस्तऐवजीकरणात अशा मेथडपुढे सहसा ‘ऐच्छिक क्रिया’ असे लिहिलेले असते. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे आणि पुढे पुन्हा येईल.

हे एक्सेप्शन ‘रनटाइमएक्सेप्शन’चे अपत्य, म्हणजे उपप्रकार, आहे. ते झेलण्याची सक्ती कंपायलर (लिहिलेला कोड तपासून चालवण्याजोगा करणारा कार्यक्रम) करत नाही. त्यामागचा अर्थ असा की ते मुळात बोलावणाऱ्याची चूक दाखवण्यासाठी आहे : ही वस्तू असे करू शकत नाही, आणि तुम्ही तिला ते करायला सांगायला नको होते. आपल्या जॉबने त्याचा वापर वेगळा केला. त्याने ते रोज अपेक्षित असलेला निरोप म्हणून वाचायला सुरुवात केली, आणि पुढची अडचण तेथेच पेरली गेली.

दुसरी अडचण : एकाच नावाचे दोन नकार

काही काळ सर्व ठीक चालले. नंतर प्रणाली जावा ११ वरून जावा १७ वर नेण्यात आली. त्या कामात संपादकाने (कोड लिहिण्याच्या साधनाने) सुचवलेले बरेच लहान बदल स्वीकारले गेले. त्यांपैकी एक असा : स्ट्रीमच्या (घटक एकामागून एक हाताळण्याच्या जावातील सोयीच्या) शेवटी जेथे ‘कलेक्टर्स.टूलिस्ट’ वापरून यादी गोळा केली होती, तेथे थेट ‘टूलिस्ट’ ही मेथड वापरावी. ही मेथड मार्च २०२१ मध्ये जावा १६ बरोबर आली. लिहायला आटोपशीर, वाचायला सोपी. दोन्हींत एक फरक मात्र आहे. जुन्या पद्धतीत मिळणारी यादी बदलता येईल की नाही याची हमी दस्तऐवजीकरण देत नाही, पण प्रत्यक्षात ती साधी ‘अरेलिस्ट’ असल्यामुळे बदलता येते. नव्या पद्धतीत मिळणारी यादी बदलता येत नाही, आणि तसे स्पष्ट लिहिलेले आहे.

डिस्क-साठ्याची ‘काढून टाकणे’ ही मेथड दस्तऐवजाच्या पानांच्या फायली गोळा करी, शेवटचे पान आधी जावे म्हणून त्या उलट क्रमाने लावी आणि एकेक काढी. क्रम लावण्यासाठी ती त्या यादीवरच ‘सॉर्ट’ बोलावत असे. बदलता न येणाऱ्या यादीवर ‘सॉर्ट’ बोलावले की ‘अनसपोर्टेडऑपरेशनएक्सेप्शन’ येते, यादीत एकच पान असले तरीही.

आता ज्या साठ्यातून कागद सहज काढता येत होते, तोच साठा प्रत्येक वेळी नकार देऊ लागला. जॉबला दोन नकारांतला फरक कळण्याचा मार्ग नव्हता. त्याने नेमून दिल्याप्रमाणे एक्सेप्शन झेलले, ओळीवर ‘राखीव’ खूण केली आणि तो पुढे गेला. लॉगमध्ये त्रुटी म्हणून काहीच नव्हते. ‘साठा काढण्यास परवानगी देत नाही’ ही माहितीवजा ओळ तेवढी दर दस्तऐवजामागे लिहिली जात होती, आणि ती ओळ सगळ्यांच्या सवयीची झालेली होती.

एका शाखेच्या सर्व्हरची डिस्क भरली आणि नवे स्कॅन साठेनात, तेव्हा शोध सुरू झाला. पहिला संशय स्कॅनरच्या वाढलेल्या रिझोल्यूशनवर गेला, दुसरा डिस्कच्या आकारावर. शेवटी एका प्रोग्रामरने झेलण्याच्या जागी पूर्ण स्टॅक-ट्रेस (कोणत्या मेथडने कोणती बोलावली याची यादी) छापायला लावला. वरच्या ओळीत एक्सेप्शनचे नाव आणि त्यापुढे संदेश म्हणून फक्त ‘नल’. त्याखाली ‘इम्म्युटेबलकलेक्शन्स’ क्लासमधील ‘यूओई’ ही मेथड, त्याखाली ‘सॉर्ट’, आणि त्याखाली डिस्क-साठ्याची ‘काढून टाकणे’. एकदाच लिहिता येणाऱ्या साठवणुकीचे त्या ट्रेसमध्ये नावही नव्हते.

हे टेस्टमध्ये का सापडले नाही, हा प्रश्न साहजिक आहे. जॉबच्या टेस्टमध्ये खऱ्या साठ्याऐवजी बनावट साठा वापरला होता. तो सांगितल्याबरहुकूम एक्सेप्शन फेकी, आणि जॉब ते बरोबर झेली. डिस्क-साठ्याच्या ‘काढून टाकणे’ मेथडला स्वतःची टेस्ट नव्हती, कारण फाइल काढणे ही परीक्षा घेण्याजोगी गोष्ट कोणाला वाटली नव्हती.

विचारात घेतलेले पर्याय

‘सॉर्ट’ची ओळ दुरुस्त करणे मिनिटांचे काम होते आणि ते त्याच दिवशी झाले. पण त्यापाशी न थांबता पथकाने मूळ रचनेचा विचार करायला वेळ काढला. या प्रकरणातील सर्वांत चांगला निर्णय मला हाच वाटतो.

पहिला पर्याय होता ‘खरे-खोटे’ परत देण्याचा : कागद गेला तर खरे, नाही तर खोटे. याचा जुना अनुभव जावाकडेच आहे. ‘फाइल’ क्लासची ‘डिलीट’ मेथड असेच करते. फाइल का गेली नाही हे तिच्या उत्तरातून कळत नाही, आणि उत्तर न पाहताच पुढे जाणारा कोड जागोजागी सापडतो. २०११ मधील जावा ७ ने ‘फाइल्स’ क्लासमध्ये दिलेली नवी ‘डिलीट’ मेथड अपयशाचे कारण सांगणारे एक्सेप्शन फेकते. हा पर्याय लवकर बाद झाला.

दुसरा पर्याय, ‘अनसपोर्टेडऑपरेशनएक्सेप्शन’चा स्वतःचा उपप्रकार करून जॉबने फक्त तोच झेलायचा. याचेही उदाहरण जावाच्या मानक ग्रंथालयात (भाषेबरोबर येणाऱ्या तयार कोडच्या संचात) आहे : फक्त वाचता येणाऱ्या बफरमध्ये लिहू पाहिले तर ‘रीडओन्लीबफरएक्सेप्शन’ येते, आणि ते याच एक्सेप्शनचे अपत्य आहे. यामुळे दोन नकारांची गल्लत थांबली असती. एवढेच करून थांबावे, असे पथकातील काहींचे म्हणणे होते आणि ते चुकीचे नव्हते.

तिसरा पर्याय, आधी विचारण्याचा. साठ्याला ‘काढता येते का’ अशी मेथड द्यावी आणि जॉबने ती विचारूनच पुढे जावे. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट प्रणालीतील ‘स्ट्रीम’ क्लासला ‘कॅनरीड’, ‘कॅनराइट’, ‘कॅनसीक’ असे गुणधर्म आहेत, आणि तरीही न जमणारी क्रिया बोलावली तर ‘नॉटसपोर्टेडएक्सेप्शन’ येतेच. (डॉटनेटने ‘अजून लिहिलेले नाही’ यासाठी ‘नॉटइम्प्लिमेंटेडएक्सेप्शन’ वेगळे ठेवले आहे. जावात अर्धवट सोडलेल्या मेथडसाठीही सर्रास ‘अनसपोर्टेडऑपरेशनएक्सेप्शन’च वापरतात, आणि ‘कधीच जमणार नाही’ व ‘पुढच्या महिन्यात जमेल’ या दोन गोष्टी एका नावाखाली येतात.) आधी विचारण्याच्या पर्यायातील उणीव अशी की विचारण्याची आठवण माणसाला ठेवावी लागते. शिवाय विचारणे आणि करणे यांच्यामध्ये परिस्थिती बदलू शकते.

चौथा पर्याय इंटरफेसच वेगळे करण्याचा. ज्यात फक्त ठेवता, आणता आणि यादी घेता येते असा मूळ इंटरफेस, आणि बदलणे व काढणे यांसाठी त्याचे विस्तार. जी क्रिया वस्तूला जमत नाही ती तिच्यावर लिहिताच येणार नाही, कंपायलरच अडवेल. कोटलिन भाषेने ‘लिस्ट’ आणि ‘म्यूटेबललिस्ट’ वेगळे ठेवून हीच वाट घेतली आहे.

याविरुद्धचा युक्तिवाद कलेक्शन्स फ्रेमवर्कच्या रचनाकारांनी प्रश्नोत्तरांच्या रूपात लिहून ठेवला आहे आणि तो प्रत्येकाने वाचावा असा आहे. ऐच्छिक क्रियांचा निर्णय हा संपूर्ण रचनेतील सर्वांत वादग्रस्त निर्णय असल्याचे ते स्वतःच मान्य करतात. पण बदलता येणारे, न येणारे, आकार स्थिर असलेले, फक्त भर घालता येणारे, असे प्रत्येक भेद इंटरफेसमध्ये आणू गेल्यास इंटरफेसची संख्या हाताबाहेर जाते आणि तरीही काही भेद सुटतातच, असा त्यांचा अनुभव. डग ली यांनी पूर्वी लिहिलेल्या कलेक्शन्सच्या संचात असे भेद इंटरफेसमध्येच होते. वापरणाऱ्यांच्या अनुभवानंतर त्यांनीही ती वाट व्यवहार्य नसल्याचे मत दिले, असा उल्लेख तेथे आहे. २०२३ च्या जावा २१ मध्ये क्रमवार कलेक्शन्स आली तेव्हाही हेच धोरण राहिले : ‘ट्रीसेट’वर ‘अ‍ॅडफर्स्ट’ बोलावले तर हेच एक्सेप्शन येते, कारण स्वतःच क्रम ठरवणाऱ्या संचात ‘पहिल्या जागी घाला’ याला अर्थ नाही.

पथकाने हा युक्तिवाद मान्य केला, पण तो आपल्याला लागू नाही असे ठरवले, आणि ते योग्यच होते. जगभरातील प्रोग्रामरसाठीच्या ग्रंथालयात भेद अनंत असतात. येथे साठे दोन होते आणि वादाच्या क्रिया दोन.

खरी अडचण वेगळ्याच ठिकाणी निघाली. कोणत्याही साठ्याभोवती बसणारा एक ‘कूटबद्ध साठा’ (किल्लीशिवाय मजकूर वाचता येणार नाही असा) होता. तो आत येणारा मजकूर कूटबद्ध करून आतल्या साठ्याकडे देई. इंटरफेस वेगळे केले तर या आवरणाने कोणता पुरवायचा? त्याने सर्व क्रिया पुरवल्या तर आतला साठा नकार देणारा असताना कंपायलरचे संरक्षण हरवते. थोड्याच पुरवल्या तर आतल्या साठ्याची क्षमता वाया जाते. इंटरफेस वेगळे करण्याचा सल्ला देणारे लेख बहुधा या प्रश्नापाशी पोहोचत नाहीत, आणि आवरणे असलेल्या कोणत्याही प्रणालीत तो येतोच.

चर्चेला वळण देणारा प्रश्न

दोन्ही क्रियांना एकच औषध द्यायचे असे गृहीत धरून चर्चा चालली होती. पथकातील सर्वांत नव्या सहकारी मुलीने विचारले, “पण सर, मुदत संपल्यावर काय?”

मुदत संपल्यावर साठवणूक कागद काढू देते. म्हणजे ‘काढून टाकणे’ ही क्रिया या साठ्याला न जमणारी नव्हतीच. ती आज, या कागदासाठी, अमुक तारखेपर्यंत होणार नव्हती. ‘बदलणे’ मात्र खरोखरच कधीही जमणार नव्हते, मुदत असो वा नसो.

या एका प्रश्नाने प्रकरणाची मांडणी बदलली. ‘अनसपोर्टेडऑपरेशनएक्सेप्शन’ वस्तूच्या प्रकाराविषयी बोलते : या जातीची वस्तू हे करत नाही. कागदाच्या मुदतीविषयी बोलण्यासाठी ते चुकीचे आहे. ‘इलिगलस्टेटएक्सेप्शन’ जवळचे वाटते, कारण ते वस्तूच्या सध्याच्या अवस्थेविषयी आहे. पण तेही बोलावणाऱ्याला चुकीचा ठरवते, आणि मुदत बाकी असलेला कागद काढायला सांगणे ही जॉबची चूक नव्हती. तो नेहमीच्या कामातला, रोज अपेक्षित असलेला निकाल होता. निकाल असेल तर तो परत द्यायचा असतो, फेकायचा नसतो.

‘राखीव’ ओळींकडे पुन्हा न पाहण्याच्या नियमातील दोषही यामुळे दिसला. दोन्ही अडचणी आल्या नसत्या तरी मुदत संपलेले मुख्यालयातील कागद या नियमामुळे कधीच निघाले नसते, आणि ते कळायला काही वर्षे गेली असती.

केलेली कार्यवाही

‘काढून टाकणे’ आता एक निकाल परत देते. निकाल तीनच प्रकारचे : कागद काढला; मुदत बाकी आहे (सोबत ती तारीख); किंवा असा कागद साठ्यात नव्हताच. हे प्रकार जावा १७ मधील बंदिस्त इंटरफेसने बांधलेले आहेत, त्यामुळे चौथा प्रकार कोणाला बाहेरून जोडता येत नाही. परत आलेला निकाल न पाहता पुढे जाणारा कोड बिल्डमध्येच पकडला जावा म्हणून ‘एरर प्रोन’ या जावा कोडमधील चुका शोधणाऱ्या साधनाची तपासणी चालू केली. ‘खरे-खोटे’च्या पर्यायातील जुना दोष नव्या वेशात परत येऊ नये, यासाठी ही तपासणी आवश्यकच होती.

‘बदलणे’ मूळ इंटरफेसमधून काढून ‘बदलण्याजोगा साठा’ या वेगळ्या इंटरफेसमध्ये नेले. मुख्यालयाचा साठा तो पुरवत नाही. आवरणाचा प्रश्न थोडी पुनरावृत्ती पत्करून सोडवला : कूटबद्ध साठ्याचा एक साधा क्लास आणि त्याचा बदल करू देणारा एक उपक्लास. कोणता घ्यायचा हे प्रणाली सुरू होताना एकाच ठिकाणी ठरते. क्षमता दोनाच्या चार झाल्या तर ही रचना टिकणार नाही, हे पथकाने निर्णयाच्या टिपणात लिहून ठेवले आहे.

एका जागी मात्र ‘अनसपोर्टेडऑपरेशनएक्सेप्शन’ विचारपूर्वक ठेवले. एका ग्राहक संस्थेकडे जुन्या इंटरफेसवर लिहिलेले अहवालाचे मोड्यूल होते आणि ते बदलणे कंपनीच्या हातात नव्हते. त्यासाठी जुना इंटरफेस पुरवणारा एक अडॅप्टर (जुने आणि नवे जोडणारा क्लास) केला. त्यातील ‘बदलणे’ हे एक्सेप्शन फेकते, पण ‘नल’ संदेशाने नव्हे : साठ्याचे नाव, क्रियेचे नाव, दस्तऐवजाचा क्रमांक आणि त्याऐवजी नवा दस्तऐवज कसा जोडावा, हे सर्व त्या संदेशात आहे. शिवाय ते मेथडच्या पहिल्याच ओळीत फेकले जाते. अर्धे काम करून मग नकार दिला तर बोलावणाऱ्याच्या हाती ना जुनी अवस्था राहते ना नवी.

जॉबमध्ये आता हे एक्सेप्शन नाव घेऊन कोठेही झेललेले नाही. एखाद्या शाखेचे काम करताना अनपेक्षित एक्सेप्शन आले तर ते शाखेच्या पातळीवर झेलले जाते, पूर्ण ट्रेस त्रुटी म्हणून लिहिला जातो, पुढची शाखा सुरू होते आणि सकाळच्या अहवालात ती शाखा ‘अपूर्ण’ दिसते. जॉब अडू नये ही प्रोग्रामरची मूळची काळजी अशा रीतीने योग्य जागी सुटली.

प्रत्येक साठ्यावर चालणारा टेस्टचा एक सामाईक संचही लिहिला. खरा डिस्क-साठा आणि साठवणुकीची खरी चाचणी-प्रत, दोन्ही त्यातून जातात. त्यातील एक टेस्ट मला विशेष आवडली : ‘कागद काढला’ असा निकाल आला तर तो आणायला गेल्यावर मिळू नये, आणि ‘मुदत बाकी’ असा निकाल आला तर तो जसाच्या तसा मिळावा. रिकाम्या पोटाची मेथड या टेस्टमधून सुटली नसती.

परिणाम

चुकून ‘राखीव’ झालेल्या ओळी ओळखणे सोपे होते. डिस्क-साठा कधीच नकार देत नाही, म्हणून त्या साठ्यातील प्रत्येक ‘राखीव’ खूण चुकीची होती आणि ती सरसकट काढता आली. नोंदवहीतून खोडलेल्या ओळी परत आणणे कष्टाचे होते. मुख्यालयातील दस्तऐवजाबरोबर खातेक्रमांक आणि कागदाचा प्रकार साठवलेला होता, त्यावरून बहुतेक ओळी पुन्हा बांधल्या. नूतनीकरणामुळे एकाच खात्यावर एकाच प्रकारचे दोन कागद होते, तेथे शाखेतील माणसांना प्रत्येक पत्र उघडून, तारीख वाचून ते कोणत्या कर्जाचे आहे हे ठरवावे लागले. वसुली दाखल्यासाठी हवे असलेले संमतिपत्र अशा रीतीनेच सापडले.

वेगळे काय करता आले असते

रिव्ह्यूमध्ये रिकाम्या मेथडविषयी एकच प्रश्न पुरला असता : ही मेथड परतल्यावर बोलावणारा पुढच्या ओळीत काय करतो? रिव्ह्यू नव्या क्लासचा झाला, पण ज्या जॉबवर त्याचा परिणाम होणार होता तो उघडून पाहिला गेला नाही.

दुसरी संधी इंटरफेसच्या वर्णनात होती. ‘काढून टाकणे’ या मेथडच्या वर्णनात ‘दस्तऐवज काढून टाकतो’ एवढेच लिहिले होते. बार्बरा लिस्कोव्ह आणि जेनेट विंग यांच्या १९९४ च्या निबंधाने मांडलेले उपप्रकाराचे तत्त्व असे की मूळ प्रकाराविषयी जे सिद्ध करता येते ते उपप्रकाराविषयीही खरे राहिले पाहिजे. नकार देणारा क्लास हे तत्त्व मोडतो का, याचे उत्तर मूळ प्रकाराने काय वचन दिले आहे यावर अवलंबून असते. ‘लिस्ट’ने क्रिया ऐच्छिक असल्याचे आधीच लिहून ठेवले आहे, म्हणून ‘अ‍ॅड’ला नकार देणारी लिस्ट करार मोडत नाही. आपल्या इंटरफेसने बिनशर्त वचन दिले होते. दुसरा साठा येणार हे ठरले त्या दिवशी, क्लास लिहिण्याआधी, ते वचन पुन्हा लिहायला हवे होते; मुदतीचा प्रश्नही तेव्हाच निघाला असता.

तिसरी गोष्ट यादीविषयी. पानांची यादी परत देणाऱ्या मेथडच्या वर्णनात आता ‘ही यादी बदलू नये’ असे लिहिले आहे आणि क्रम हवा असणाऱ्याने तो स्ट्रीममध्येच लावावा असा नियम आहे. संपादकाने सुचवलेले बदल मोठ्या संख्येने स्वीकारताना, परत मिळणारी वस्तू बदलता येण्यावर पुढचा कोड अवलंबून आहे का, हे पाहण्याची टीप स्थलांतराच्या यादीत जोडली आहे. यात एक धोका ध्यानात ठेवावा लागतो. ‘कलेक्शन्स.एम्प्टीलिस्ट’ने दिलेल्या रिकाम्या यादीवर ‘सॉर्ट’ किंवा ‘क्लिअर’ बोलावले तर नकार येत नाही, आणि ‘अरेज.अ‍ॅजलिस्ट’च्या यादीत रिकामा संच ‘अ‍ॅडऑल’ने घालू पाहिला तरीही येत नाही, परिणाम शून्य असेल तेथे एक्सेप्शन फेकण्याची सक्ती करार करत नाही. त्यामुळे रिकाम्या माहितीवर लिहिलेली टेस्ट हिरवी राहते आणि शाखेत पहिला खरा कागद आल्यावर कोड पडतो. सामाईक संचातील प्रत्येक टेस्ट म्हणूनच किमान दोन पानांच्या दस्तऐवजावर चालते.

अडॅप्टर काढून टाकावा की राहू द्यावा यावर पथकात अजून एकमत नाही. माझा कल तो राहू देण्याकडे आहे, जोवर त्या संस्थेचे अहवालाचे मोड्यूल चालू आहे तोवर. त्याच्या बोलावणाऱ्याला आपण आधी काही सांगू शकत नाही, त्याच्या कोडला आपला कंपायलर लागत नाही आणि परत दिलेला निकाल तो वाचणार नाही. तेथे स्पष्ट संदेशासह फेकलेले एक्सेप्शन हाच उरलेला प्रामाणिक मार्ग आहे.